जन्मल्यावर न रडलेल्या बाळाचं एलडीएच: सॅम्पल असं घ्या

एसएनसीयूतून (आजारी नवजातांच्या विभागातून) एलडीएच, सीके-एमबीसाठी (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) लॅबमध्ये रक्त आलं की मी मशिनआधी ट्यूब बघते. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर सिरम कोकम सरबतासारखं लाल दिसलं तर ते लावत नाही, परत पाठवते. सिस्टर चिडतात. पण तांबड्या पेशींत एलडीएच ठासून भरलेलं असतं. टाच पिळली की पेशी तिथेच फुटतात आणि बाळाच्या हृदय-यकृताच्या इजेऐवजी रिपोर्टात आपल्या अंगठ्याचा जोर उतरतो. एएसटी (यकृत-स्नायूंतलं एन्झाइम) आणि पोटॅशियमही असंच फसवतात.

तर शक्यतो शिरेतूनच घ्या. टाचच टोचायची असेल तर आधी पाय कोमट ओल्या कपड्यात धरा आणि टाचेच्या कडेला टोचा, मधोमध नको, तिथं हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाका, पुढचे आपसूक ओघळू द्या. सिरिंजने घेतलं असेल तर सुई काढून ट्यूबच्या कडेने हळू सोडा. आणि ट्यूब फ्रीजमध्ये ठेवू नका! एलडीएचचे काही प्रकार थंडीत निकामी होतात, मग आकडा खोटाच कमी येतो.

फॉर्मवर जन्मवेळ आणि रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही लिहा. जन्मताना बाळाचा ऑक्सिजन तुटला की पेशीतलं एटीपी (पेशीचं इंधन) संपतं, ते मोडून हायपोझँथिन साचतं. ऑक्सिजन परत आला की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्यातूनच सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं घातक रूप) बनवतं, पेशींची आवरणं पोखरली जातात आणि एन्झाइम्स रक्तात झिरपतात. (पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास देताना शंभर टक्के ऑक्सिजनऐवजी साध्या हवेने, म्हणजे 21 टक्क्यांनी सुरुवात करतात, ती याच धास्तीने.) म्हणून पहिल्या तासाचं एलडीएच बरं आलं तरी हुश्श करू नका. सीके-एमबी लवकर चढून उतरतं, एलडीएच रेंगाळतं. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाने 2008 मध्ये छापलेल्या अभ्यासात सीके-एमबी 8 व्या तासाला, तर एलडीएच 72 व्या तासाला पाहिलं होतं.

कूलिंगसाठी (मेंदू वाचवायला बाळाचं अंग थंड ठेवण्याचा उपचार) मात्र माझ्या रिपोर्टची वाट बघू नका. ते 6 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि ठरतं नाळेच्या रक्ताच्या गॅसवर (आम्लता आणि वायूंच्या तपासणीवर) आणि बाळाच्या तपासणीवर.

शेवटचं, रिपोर्टावर छापलेली नॉर्मल रेंज बहुधा मोठ्यांची असते. निरोगी नवजाताचंही एलडीएच त्याहून बरंच जास्त येतं, तेव्हा नुसता ‘हाय’ शिक्का बघून आईबापांना काही सांगायला जाऊ नका.