जुना फोरट्रान प्रोग्राम कंपाइल करण्याआधी

सरांच्या कपाटातल्या सीडीवर फोरट्रान ७७ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम सापडला, की लगेच टर्मिनल उघडून तो कंपाइल करायची, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायची, घाई होते. ती करू नका. आधी फाइलची प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. सोबत जुनं छापील उत्तर शोधा, लाइन प्रिंटरचा कागद असो की प्रबंधातला तक्ता. प्रोग्राम कंपाइल झाला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही, आणि ते तपासायला हाताशी तेवढाच पुरावा असतो.

जीफोरट्रान हा फोरट्रानचा कंपाइलर फुकट मिळतो, उबंटूवर एका ओळीच्या कमांडने बसतो. त्याची आवृत्ती वहीत टिपून ठेवा. दहाव्या आवृत्तीपासून तो सबरुटीनला (प्रोग्रामच्या वेगळ्या लिहिलेल्या, हवा तेव्हा बोलावता येणाऱ्या तुकड्याला) जाणाऱ्या व्हेरिएबलांचे प्रकार जुळले नाहीत तर अडून बसतो; जुन्या कोडसाठी 'एसटीडी लेगसी' हा पर्याय कंपाइलच्या कमांडमध्ये द्यावा लागतो. फाइलच्या नावाचा शेवटही पाहा. 'डॉट एफ' असेल तर रकान्यांचे जुने नियम लागतात, 'डॉट एफ९०' केलंत तर लागत नाहीत.

रकान्यांवर मात्र सावकाश वेळ द्या. आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये फोरट्रान आली ती ८० रकान्यांच्या पंच कार्डावर. पहिल्या पाचांत ओळीचा क्रमांक, सहाव्यात आधीची ओळ पुढे चालू असल्याची खूण, ७ ते ७२ मध्ये प्रत्यक्ष विधान. उरलेल्या आठांत कार्डाचा अनुक्रमांक, गठ्ठा हातातून सुटला तर परत लावता यावा म्हणून. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्यालाही असेच गठ्ठे दिले जात. कार्डं गेली, पण ७२ ची हद्द राहिली.

ती मला कशी भेटली ते सांगतो. कोड नीटनेटका दिसावा म्हणून मी एक ओळ थोडी आत सरकवली. ओळीच्या शेवटी 'टोटल' होतं. इंग्रजी पाच अक्षरांपैकी तीन ७२ च्या आत राहिली, दोन बाहेर गेली. कंपाइलरने हूं की चूं केलं नाही. उरलेल्या तीन अक्षरांचं त्याने नवं व्हेरिएबल धरलं, कारण जुन्या फोरट्रानमध्ये व्हेरिएबल जाहीर करायची सक्ती नाही. माझे दोन दिवस त्यात गेले. म्हणून एडिटरमध्ये ७२ व्या रकान्यावर उभी रेघ लावा, टॅब बंद करा आणि पहिलं कंपाइल 'डब्ल्यू-ऑल' हा इशारे दाखवणारा पर्याय लावूनच करा. तो लावला की कंपाइलर कापलेली ओळ दाखवतो.

जुन्या यंत्रांवर सबरुटीनमधल्या व्हेरिएबलची किंमत ते पुन्हा बोलावेपर्यंत टिकून राहायची, आणि लिहिणारे त्यावर बिनधास्त विसंबत. उत्तरं दरवेळी बदलत असतील तर किंमत तशीच टिकवणारा 'एफ-नो-ऑटोमॅटिक' देऊन पाहा. बायनरी डेटा फाइल जुन्या वर्कस्टेशनवरची असेल तर तिचे बाइट उलट्या क्रमाने असू शकतात. 'एफ-कन्व्हर्ट'मध्ये बिग-एंडियन, म्हणजे तो उलटा क्रम, सांगा.

'ओ' पर्यायाने तयार फाइलला नाव द्या, नाहीतर दरवेळी 'ए डॉट आउट'वर 'ए डॉट आउट' चढत जाईल. सुरुवातीला ऑप्टिमायझेशन (प्रोग्राम वेगवान करण्यासाठी कंपाइलर करतो ते फेरफार) बंद ठेवा, अ‍ॅरेच्या, म्हणजे एका नावाखालच्या किमतींच्या यादीच्या, हद्दी तपासणारा पर्याय लावा. जुन्या कोडमध्ये अ‍ॅरेचा आकार नुसता १ लिहायची पद्धत होती, तिथे तो उगाच ओरडू शकतो. मग छोटा डेटा घालून चालवा आणि छापील तक्त्याशी आकडा न् आकडा ताडून पाहा. शेवटच्या एखाद्या दशांशात फरक पडला तर घाबरू नका, पहिल्या तीन अंकांत पडला तर पुन्हा ७२ व्या रकान्याकडे या.