‘बघू’ म्हणजे नक्की काय? अ‍ॅस्पर्जर असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना समजून घ्यायचं, तर...

भाचा सात वर्षांचा असताना एकदा ठाण्यात कोलबाडला त्यांच्या घरून निघताना मी सवयीनं म्हटलं, ‘चला, येते मी.’ अर्ध्या तासानं वहिनीचा फोन आला. ‘ताई, काही विसरलात का? हा दार लावूच देत नाहीये. आत्या येते म्हणाली, म्हणतो.’ मी तोवर दहा नंबर प्लॅटफॉर्मवर वाशी गाडीत खिडकी पकडून बसले होते.

घरात तेव्हा सगळे हसले. पुढे कळलं की तो गंमत करत नव्हता. त्याला अ‍ॅस्पर्जर आहे, म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार: बोलणं आणि बुद्धी ठीक, पण आडून बोललेलं, चेहऱ्यावरचे भाव आणि अचानक झालेले बदल समजायला जड. आज तो पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या तपासण्या सुरू असताना माझ्या धाकट्या भावानं, म्हणजे त्याच्या बाबांनी, डॉक्टरांनी दिलेली प्रश्नावली भरली. ती वाचून डॉक्टरांनी विचारलं, ‘हे मुलाबद्दल लिहिलंय की स्वतःबद्दल?’ भाऊ तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. मी डॉक्टर नाही, एकाची आत्या आणि एकाची ताई आहे. खाली लिहिलेलं बरंचसं चुका करूनच शिकलेय.

पायरी १: नावाचा घोळ आधी सोडवा

हान्स अ‍ॅस्पर्जर या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञानं १९४४ मध्ये अशा मुलांवर लेख लिहिला. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी जवळपास असंच वर्णन करून ठेवलं होतं, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव रुळलं ते १९८१ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांच्या लेखामुळे. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं हे वेगळं निदान काढून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्ये, म्हणजे ऑटिझमच्या सगळ्या छटांना धरणाऱ्या एकाच निदानात, मिसळलं. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही तसंच आहे. त्यामुळे आजच्या रिपोर्टवर ऑटिझम लिहिलेलं दिसलं तर ‘डॉक्टरांनी भलतंच काही लिहिलं’ म्हणून घाबरू नका.

खुद्द अ‍ॅस्पर्जरनं नाझी काळात काही मुलांना ज्या संस्थेत पाठवलं तिथे मुलं मारली जात होती, हे २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी पुढे आलं. म्हणून काहींना ते नावच नको असतं. भाऊ स्वतःला अ‍ॅस्पर्जर म्हणतो, भाचा ऑटिस्टिक म्हणतो. ज्याचं त्याला विचारावं.

‘स्वमग्न’ हा आपला मराठी शब्द मात्र मला कधीच पटला नाही. भाचा स्वतःत मग्न नसतो, लिफ्टमध्ये मग्न असतो. घोडबंदर रोडवरच्या कुठल्या टॉवरला किती लिफ्ट आहेत, कुठे तेरावा मजला गाळून बारानंतर थेट चौदा लिहिलंय, हे तो तुम्हाला तासभर सांगेल. तुम्ही दुसऱ्या मिनिटाला कंटाळलात, हे तुमच्या चेहऱ्यावरून त्याला कळणार नाही. तोंडानं सांगितलंत तर कळेल, आणि तो थांबेलही.

पायरी २: ओळखा, पण घाईनं शिक्का मारू नका

या मुलांचं बोलणं उशिरा सुरू होत नाही. दोन वर्षांपर्यंत शब्द, तीनपर्यंत छोटी वाक्यं येतात. बुद्धीही सर्वसाधारण किंवा त्याहून वरची असते. म्हणून कोणाला शंका येत नाही, ‘किती मोठ्या माणसासारखं बोलतो!’ असं कौतुकच होतं. अडतं ते दुसरीकडे. मधल्या सुट्टीत एकटं राहणं, खेळाचे नियम कोणी मोडले की रडणं, एकाच विषयाचा ध्यास, ठरलेल्यात बदल झाला की हादरणं, शर्टाचं लेबल किंवा मिक्सरचा आवाज सहन न होणं. नजरेला नजर देणं अनेकांना जड जातं. ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हटलं की भावाचं निम्मं लक्ष बघण्यात जातं आणि बोलणं राहून जातं.

मुलींच्या बाबतीत जास्त डोळसपणे बघावं लागतं. मैत्रिणींची नक्कल करून त्या दिवसभर निभावून नेतात आणि घरी आल्या की कोसळतात. शाळा म्हणते, आमच्याकडे तर छान असते. दोघांचंही खरं असतं.

एखाद-दुसऱ्या गोष्टीवरून निदान होत नाही. लाजाळू, हट्टी, अभ्यासू मुलं पुष्कळ असतात. या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडतंय का, हे बघायचं.

पायरी ३: तपासणी करून घ्या

लहान मुलांसाठी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या वाढीचे, विकासाचे डॉक्टर) किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसशास्त्रीय तपासणी करणारे तज्ज्ञ), मोठ्यांसाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. नवी मुंबईत महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं केंद्र वाशीला आहे. आत्ता सांगायला सोपं वाटतं, पण आमची पहिली दोन वर्षं ‘मुलगे उशिराच सुधारतात’ या एका वाक्यावर गेली. ते वाक्य एका डॉक्टरांचंच होतं.

सरकारी प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘आयएसएए’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मोजणी वापरतात. त्यात चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि एकूण सत्तरच्या खाली आलं तर ऑटिझम धरत नाहीत. नीट बोलणाऱ्या, हुशार मुलाचे गुण कमी येऊ शकतात. म्हणून जाताना ‘छान वाग हं’ असं पढवून नेऊ नका. रोज जसं घडतं तसं सांगा, शाळेच्या वह्या आणि शिक्षकांचे शेरे सोबत ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करता येतो.

ऑटिझम ‘बरं’ करणारं औषध नाही. सोबत चिंता, झोपेची तक्रार किंवा एकाग्रतेची अडचण असेल तर त्यावर उपचार आहेत, ते जरूर घ्या. स्टेम सेल (मूळ पेशी) देऊन ऑटिझम बरा करण्याच्या जाहिराती दिसतील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस करता येत नाही असं सांगितलंय. लाखो रुपये गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आणि लसीमुळे ऑटिझम होतो, असं सांगणारा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा लेख त्याच नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला, हेही शेजारच्या काकूंना सांगून ठेवा.

पायरी ४: स्वतःचं बोलणं दुरुस्त करा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि खर्च शून्य. आपण मराठी माणसं किती आडून बोलतो, हे भाच्यानं मला शिकवलं. ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. ‘या एकदा घरी’ म्हणजे आमंत्रण असेलच असं नाही. ‘असू दे, असू दे’ म्हणजे आग्रह कर. ‘काही झालं नाही’ म्हणजे बरंच काही झालंय. आणि ‘कर, कर, अजून कर’ म्हणजे ताबडतोब थांब! हे शेवटचं तर आम्ही लहान मुलाला डोळे वटारून सांगतो, आणि त्यानं खरंच अजून केलं की त्याला उद्धट म्हणतो.

मी बदललेल्या काही गोष्टी:

- ‘पसारा बघ जरा’ऐवजी ‘जमिनीवरची पुस्तकं कपाटात ठेव, मग जेवायला ये.’
- ‘बघू’ऐवजी ‘नाही, आज नको’ किंवा ‘शनिवारी सांगते’. आणि शनिवारी खरंच सांगायचं.
- ‘शहाण्यासारखं वाग’ हे वाक्य बाद. शहाण्यासारखं म्हणजे काय, ते सांगायचं.
- टोमणा पूर्ण बंद. तो एक तर कळत नाही, किंवा दोन दिवसांनी कळतो आणि मग फार लागतो.
- प्रश्न विचारला की दहा आकडे मोजायचे. उत्तर येत असतं, आपणच मध्ये दुसरा प्रश्न घुसवतो.

याचा अर्थ त्यांना विनोद कळत नाही असा नाही. भाच्याइतके शब्दांवरचे वाईट विनोद घरात कोणी करत नाही. त्यांना भावना नसतात, हेही खोटं. आजी आजारी होती तेव्हा तो तिच्याजवळ बसला नाही, पण तिच्या गोळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला आणि चार महिने एक वेळ चुकवली नाही. डेमियन मिल्टन नावाच्या ऑटिस्टिक अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. तक्त्याकडे बघून मला ते पटलं.

पायरी ५: आवाज, गर्दी आणि मेल्टडाउन

हट्ट आणि मेल्टडाउन यांत फरक आहे. हट्टात मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये त्याला काही नकोच असतं. डोक्यात आवाज, प्रकाश, घाम, धक्के सगळं एकदम भरलेलं असतं.

आमच्याकडे हे गणपतीत व्हायचं. दोन खोल्यांत बावीस माणसं, झांजा, घंटा, टाळ्या, कापराचा धूर. पाचव्या वर्षी तो पलंगाखाली गेला आणि ओढून काढायला गेलेल्या काकांना चावला. ओढणं ही चूक होती. अशा वेळी करायचं ते इतकंच: दिवा मंद, पंखा चालू, गर्दी बाहेर. जवळ एकच माणूस, तोही गप्प. समजावणं, शपथा, ‘लोक काय म्हणतील’ सगळं नंतर. हात लावण्याआधी विचारा. काहींना घट्ट मिठीनं बरं वाटतं, काहींना स्पर्शच नको असतो.

त्यापेक्षा आधीची तयारी कामाला येते. आता आरतीला तो कानावर हेडफोन लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो, जिथून बाहेर पडता येतं. आरत्यांचा क्रम त्याच्याकडे असतो. कोणी कडवं गाळलं की आरती थांबते. काका आता कडवं गाळत नाहीत.

बदलाचंही तसंच. रविवारी निघायचं असेल तर मेगाब्लॉक आहे का, हे शनिवारी रात्रीच बघून त्याला सांगायचं. ‘गाडी नसेल तर बसनं, बस नसेल तर जायचं नाही’ असे दोन पर्याय आधी माहीत असले की तो प्लॅटफॉर्मवर हादरत नाही.

पायरी ६: शाळेशी बोला, लेखी बोला

वर्गशिक्षिकेला एका पानाचं पत्र द्या. त्यात काय जमतं, काय अडतं, अडलं तर काय करायचं हे लिहा. पंख्याखालची नको, भिंतीकडची जागा मागा. गटकाम असेल तर त्याला नेमकं एक काम द्यायला सांगा. चिडवणारी मुलं हेरून ठेवा. ही मुलं तक्रार करत नाहीत, कारण पुष्कळदा आपल्याला चिडवलं जातंय हेच त्यांना कळत नाही.

दहावीच्या सवलती, म्हणजे जादा वेळ, लेखनिक वगैरे, शाळेमार्फत बोर्डाकडे मागायच्या असतात. आपलं विभागीय मंडळ वाशीलाच आहे. नववीतच कागद गोळा करा, दहावीच्या दिवाळीनंतर धावाधाव होते.

पायरी ७: मोठ्यांना विसरू नका

भाऊ ऐरोलीत नोकरीला आहे. कामात चोख, तरी एका वर्षी अप्रेझलमध्ये ‘टीममध्ये मिसळत नाही’ म्हणून गुण कापले. पॅंट्रीशेजारच्या जागेवर बसून, भांड्यांच्या आवाजात, तोंडी दिलेल्या सूचना लक्षात ठेवत तो आठ तास काढायचा. नवीन साहेबांकडे त्यानं तीनच गोष्टी मागितल्या: कोपऱ्यातली जागा, सूचना ईमेलवर, मीटिंगचा विषय आदल्या दिवशी. मिळाल्या. ऑफिसात निदान सांगायचं की नाही, हे त्याचं त्यानं ठरवावं. मागण्या मात्र निदान न सांगताही करता येतात.

‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून लपवून लग्न लावणं हा दोन माणसांवर अन्याय आहे. वहिनीला लग्नात माहीत नव्हतं, कारण कोणालाच माहीत नव्हतं. आता ती म्हणते, ‘मला राग आलाय, तुझ्यावर नाही, अर्धा तास बोलू नकोस.’ तो घड्याळ लावतो. अर्ध्या तासानं चहा घेऊन येतो.

आयुष्यभर मुखवटा घालून दमलेल्या मोठ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता पुष्कळ दिसते. जेवण, झोप, बोलणं कमी झालं तर ‘स्वभाव आहे’ म्हणून सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि लग्नकार्यात त्यांना काम द्या. भाऊ हॉलवर पार्किंग सांभाळतो आणि आहेराची यादी लिहितो. सव्वाआठला निघणार, हे आठवडाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं. सव्वाआठला तो उठतो आणि म्हणतो, ‘ताई, जातो.’ मामी दर वेळी त्याला सुधारतात, ‘जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं.’ तो म्हणतो, ‘पण मी आज परत येणार नाहीये, मामी.’