वार्षिकांकासाठी दुखापतीवर लिहायचंय?

कॉलेजच्या वार्षिकांकातल्या अशा लेखात खेळाडू पहिल्या परिच्छेदात पडतो आणि शेवटच्या परिच्छेदात जिंकतो. मधले महिने दोन ओळींत उरकलेले. लेख खरं तर तिथेच असतो.

कबड्डीत एसीएल (गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणारा एक लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध) तुटलेला गुडघा घ्या. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे मुख्य धडपड गुडघा पूर्ण सरळ करण्याची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरून सोडायचा. दहा वेळा, दिवसातून अनेकदा. मांडी आवळतच नाही, कारण सुजलेला सांधा त्या स्नायूकडे जाणारे संदेश दडपतो. हे नीट उतरवलंत तर ‘जिद्द’ हा शब्द लागतच नाही. पुढे साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात दुखणं ओसरतं, चाल सुधारते, पण ऑपरेशनमध्ये त्याजागी बसवलेला लिगामेंट नेमका तेव्हाच सर्वांत कच्चा असतो. लेखातला ताण इथे आहे. मैदानावर परतायला किमान नऊ महिने, आणि त्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान 90 टक्के भरायला हवी.

मुलाखतीत ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ठरावीक उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: स्टेशनचा जिना कसा चढायचास? (चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.) लोकलमध्ये कुठल्या डब्यात चढायचास, कुबड्या कोण धरायचं? उकिडवं बसता कधी आलं? फिजिओला गुडघा किती अंशांत वाकत होता ते तारीखवार विचारा. रुग्णाची हरकत नसेल तरच.

अपघातात पाय गमावलेल्यांवर लिहायचं असेल तर हाजीअलीची 1955 सालची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था मुंबईतच आहे. कुठल्याही रुग्णालयात कॉलेजचं पत्र देऊन आधी लेखी परवानगी काढा. वॉर्डात थेट घुसू नका. कापल्यावर उरलेल्या भागाची सूज उतरत जाते तसा सॉकेट (कृत्रिम पायाचा, तो भाग आत बसतो तो कप्पा) सैल होतो, पुन्हा बसवावा लागतो. ते काम बघायला मिळालं तर तासभर थांबा.

रुग्णाची संमती त्याच्याच भाषेत घ्या, केसपेपरचा फोटो छापू नका. व्यायामाचे आकडे छापण्याआधी फिजिओला दाखवा. गुडघ्यात दुसरंही काही शिवलं असेल तर सगळा क्रम बदलतो, आणि वाचणारं एखादं पोरगं तोच व्यायाम घरी करून बघतं.