सिग्नलला गाडी बंद पडायची

पेट्रोल गाडी, ८० हजार किलोमीटर झालेली. सिग्नलला थांबलं की आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा ७०० ते १,२०० मध्ये वरखाली व्हायचा, कधी इंजिनच बंद. एअर फिल्टर उघडला तर घडीघडीत मुरमाची माती. नवा टाकला, तरी फरक नाही. मग फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप हाताने वाकवून पाहिला: क्लॅम्पजवळ, खालच्या बाजूला, बारीक चीर! एअरफ्लो सेन्सरने (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) न मोजलेली हवा तिथून आत शिरत होती. पाइप बदलला. बॅटरीची वायर काढून थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) काळा थर कापडावर क्लीनर मारून पुसला (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलू नका). एअरफ्लो सेन्सरला मात्र त्याचाच स्प्रे. कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) तिथे नकोच. सुरुवातीला आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) थोडं चढं राहिलं, मग काटा ७५० वर स्थिरावला.