नागपुरात गॅरेज रॉक बँड काढायचा असेल तर

सगळ्यात पहिले हे डोक्यात बसवा की गॅरेज रॉकला, म्हणजे कच्च्या, फाटक्या आवाजाच्या साध्या रॉकला, गॅरेज लागत नाही आणि महागडं सामान तर अजिबातच लागत नाही. लागते एक खोली, ठरलेल्या वेळेला येणारे तीन-चार पोट्टे किंवा पोट्ट्या (हेच सगळ्यात अवघड), आणि आवाज फाटला तरी हात न थांबवायची तयारी. हा प्रकारच मुळात १९६० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या लहान-मोठ्या गावांतल्या पोरांचा आहे, स्वस्तातले अँप (गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प्लिफायर), माईक कमी, स्टुडिओत वेळ कमी, म्हणून सगळे एकाच खोलीत उभे राहून वाजवून मोकळे व्हायचे आणि टेपवर जे कच्चं-पक्कं आलं तीच पुढे स्टाइल झाली. म्हणजे "आपल्या नागपुरात सीन नाही, सोयी नाहीत" म्हणून जे रडून राहिले त्यांना एवढंच सांगणं की या म्युझिकमध्ये गैरसोय हाच अर्धा आवाज आहे. आणि भारतात हे कधी झालंच नाही असंही नाही, १९७० आणि १९७१ ला सिमला सिगारेटच्या नावानं सिमला बीट स्पर्धा झाल्या, त्यातल्या बँडच्या रेकॉर्ड निघाल्या, शिलाँगचे फेंटोन्स त्यातलेच. आज ऐकाल तर फझ गिटार (मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज) आणि स्वस्त ऑर्गन, एकदम गॅरेज.

ड्रमर पहिले शोधा. गिटारवाले धरमपेठेत दगड मारला तरी दोन सापडतील, ड्रमर नाही. ऑर्केस्ट्रात वाजवणारे, सदरकडचे चर्चमध्ये वाजवणारे, ढोल-ताशा पथकातले, यांच्याकडे बघा, त्यांना दोन तास न थांबता वाजवायची सवय असते आणि गॅरेजमध्ये फॅन्सी रोल नकोच असतात, सरळ ठोका पाहिजे. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (मधला कडक वाजणारा), एक फ्लोअर टॉम, हाय-हॅट, एक सिंबल, बस. बेसिस्ट (बेस गिटारवाला) मिळाला नाही म्हणून सहा महिने वाट पाहत बसू नका, डेट्रॉइटचे व्हाइट स्ट्राइप्स दोघंच होते, अ‍ॅक्रनचे ब्लॅक कीज पण दोघंच. गिटारवाल्यानं खालच्या तारांवर जोर ठेवायचा आणि जमलं तर एक ऑक्टेव्ह पेडल (तोच सूर एक सप्तक खाली वाजवणारं) घ्यायचं.

आता खोली. आपल्याकडे बहुतेकांची प्रॅक्टिस गच्चीवरच्या खोलीत नाहीतर टिनाच्या शेडमध्ये, दोन्हीकडे उन्हाळ्यात भट्टी आणि आवाज चार घरं ओलांडून जाणार. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवायचं खूळ सोडा, त्यानं आवाज बाहेर जायचा थांबत नाही, आतला घुमारा जरासा बदलतो एवढंच. आवाज अडतो वजनानं आणि फटी बुजवल्यानं. दाराखाली रबरी पट्टी, खिडकीत मापानं कापलेला जाड प्लाय, ड्रमखाली सतरंजी, आणि अँप फरशीवर न ठेवता फोमच्या तुकड्यावर ठेवा, नाहीतर स्लॅबमधून खालच्या मजल्याला हादरे जातात. कोपऱ्यात जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या करा पण सगळ्या भिंती झाकू नका, खोली पूर्ण मेली की गॅरेजची मजा गेली. कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५, ड्रमसेट सुरू झाला की ती मर्यादा केव्हाच पार होते, त्यामुळं नियमाची भाषा तुमच्याच अंगावर येईल, शेजाऱ्यांशी आधीच गोड बोलून ठेवा, संध्याकाळी ६ ते ८ ही वेळ ठरवा, दहावी-बारावीच्या परीक्षांत बंद ठेवा. आणि मे महिन्यात दुपारी चुकूनही नाही भाऊ, कूलरपुढं झोपलेल्या काकांना उठवलं की बँडचा विषय थेट तुमच्या वडिलांपर्यंत जातो.

करंटचा विषय लोक हसण्यावारी नेतात पण हा खरंच सिरीयस आहे. गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माईकला लागले की झिणझिण्या येतात ना, त्याचं कारण बहुतेक वेळा हे की अँप एका पॉइंटवर, मिक्सर दुसऱ्या पॉइंटवर आणि कुठंतरी अर्थिंग तुटलेलं. गाण्याआधी साधा टेस्टर माईकच्या जाळीला आणि गिटारच्या ब्रिजला लावून पाहा, दिवा लागला तर वाजवायचं नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. सगळं सामान अर्थिंग नीट असलेल्या एकाच बोर्डवरून घ्या, कूलर मात्र वेगळ्या लाइनवर. आणि हमिंग जावं म्हणून प्लगची अर्थ पिन तोडायचा सल्ला जो देईल त्याला चहा पाजून परत पाठवा.

अँप १५-२० वॉटचा, १० किंवा १२ इंची स्पीकरवाला कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) पुरे. मोठा अँप दोनवर ठेवण्यापेक्षा छोटा अँप आठवर ठेवला की जो दाबलेला, चिडलेला आवाज येतो तोच हवा आहे. १९६४ ला इंग्लंडच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्या अँपचा स्पीकर चक्क ब्लेडनं कापून तसा आवाज काढला होता, तुम्ही कापू नका, फझ पेडल बनवा. जुन्या पद्धतीच्या फझमध्ये असतं काय, दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायची बटणं) आणि ९ व्होल्टची बॅटरी. बर्डीवर (सीताबर्डीत) पार्ट्सच्या दुकानांत चौकशी करा, सोल्डरिंग येणारा एखादा इंजिनिअरिंगवाला मित्र असतोच. आता इंटरनेटवर सगळे सांगतील जर्मेनियम ट्रान्झिस्टर घ्या, टोन भारी असतो, खरं आहे, पण जर्मेनियममध्ये तापमान वाढलं की लीकेज करंट वाढतो आणि बायस (ट्रान्झिस्टरचं ठरवलेलं व्होल्टेज) सरकतो, म्हणजे जानेवारीत लोण्यासारखा वाजणारा पेडल मे महिन्यात ४५ डिग्रीला नुसता पादरा फुसफुसतो, नोट मधेच तुटते. नागपुरात राहायचं असेल तर सिलिकॉन घ्या, बीसी १०८ किंवा बीसी १०९, थोडा तिखट वाजतो पण बारा महिने सारखा वाजतो. फझ गिटारच्या लगेच पुढे लावा, दुसरे पेडल त्याच्यानंतर. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला की तोच फझ बराचसा साफ होतो, म्हणजे कडव्याला सहा आणि धृपदाला दहा, दुसरं पेडल घ्यायची गरजच नाही.

गाणं दोन-अडीच मिनिटांचं ठेवा. एक रिफ (परत परत येणारी गिटारची छोटी ओळ), तीन कॉर्ड, आणि तोच रिफ तिसऱ्यांदा आला की लोकांच्या माना हलायला पाहिजेत, नाही हलल्या तर रिफ फेकून द्या, ब्रिज (गाण्यातला मधला वेगळा तुकडा) लिहून गाणं वाचवत बसू नका. यासाठी अभ्यास करायचा तर आपल्या गावातली धुमाल पार्टी नीट ऐका. मी हे गमतीनं नाही म्हणत. गाडीवर भोंगे, सगळं फुल, कीबोर्ड फाटून राहिला, ताशाचा ठोका तोच तो वीस मिनिटं, आणि तरी रस्त्यावरचा माणूस थांबतोच, काहून थांबतो ते शोधा. माझ्या मते नागपुरातला सगळ्यात गॅरेज आवाज कुठल्याच रॉक बँडचा नाही, तो धुमालचा आहे. शब्द मराठीतच लिहा, आणि पानटपरीवर बोलता तसे लिहा, चंद्र-चांदण्या नकोत. घरमालक, कंपनीतली नाइट शिफ्ट, मेट्रोच्या पिलरखालचा ट्रॅफिक, तिनं सीन करून सोडलेला मेसेज, विषय भरपूर आहेत. गाणारा सुरात पक्का नसला तरी चालतं, अर्ध्या मनानं गाणारा चालत नाही. शब्द नाही कळले तरी काही बिघडत नाही, पोर्टलंडच्या किंग्जमेननी १९६३ ला रेकॉर्ड केलेल्या 'लुई लुई' मधले शब्द कोणालाच धड कळेनात म्हणून एफबीआयनं चौकशी केली होती, निघालं काहीच नाही.

रेकॉर्डिंगसाठी चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) कोणाकडून तरी मागून आणा किंवा भाड्यानं घ्या. पहिला माईक किकपुढं, दुसरा स्नेअरच्या वर साधारण एक मीटरवर, ड्रमला एवढेच. तिसरा गिटार अँपच्या जाळीला जवळजवळ चिकटून, स्पीकरच्या कोनच्या मधोमध धरला तर आवाज तिखट, कडेला सरकवला तर मऊ, हा बोटभर फरक नंतर मिक्समध्ये अर्धा दिवस खर्च करून पण मिळत नाही, तेव्हा एकानं वाजवायचं आणि दुसऱ्यानं हेडफोन लावून माईक सरकवत बसायचं. चौथा बेस किंवा ओव्हरऑल खोलीसाठी. २४ बिटवर घ्या आणि लेव्हल उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, फाटायचं ते अँपमध्ये फाटू द्या, कॉम्प्युटरमध्ये फाटलेलं घाण वाजतं. क्लिक ट्रॅक (हेडफोनमधली ठेक्याची टिक-टिक) नको, सगळे एकत्र वाजवा, ड्रम गिटारच्या माईकमध्ये घुसला तर घुसू द्या. प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग. टेकच्या वेळी कूलर-पंखा बंद, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका. गाणाऱ्याचा आवाज नंतर वेगळा घ्या, आणि कोणाकडे जुना अहुजाचा भोंगा पडला असेल तर गाणं त्याच्यातून सोडून समोर माईक लावून पाहा, कुठलंच प्लगइन तसं वाजत नाही. एक गोष्ट मात्र पक्की ठरवा, चुकीची नोट असलेला पण अंगावर येणारा टेक ठेवायचा, बरोबर पण झोपलेला टेक डिलीट.

गिगचं म्हणाल तर कॅफेवाला पहिलं वाक्य "बॉलिवूड अनप्लग्ड करता का" हेच म्हणणार. नाही म्हणायचं असेल तर प्रेमानं म्हणा, हो म्हणायचं असेल तर अर्धा तास त्याचं आणि अर्धा तास आपलं असं आधी ठरवून घ्या. जायच्या आधी तीन गोष्टी मेसेजवर लिहून घ्या: मिक्सरला चॅनेल किती, ड्रमसेट त्यांचा का आपला, आणि पैसे कोण, कधी देणार. तोंडी बोलण्याला कोणी विचारत नाही. व्हीएनआयटीच्या आरोहीसारखे कॉलेज फेस्ट सुटू देऊ नका, पब्लिक फुकट मिळतं. स्ट्रीमिंगवर गाणं टाका पण त्यातून पेट्रोल सुटेल ही आशा ठेवू नका, बँडकॅम्पवर (बँडला स्वतःची गाणी विकता येणारी वेबसाइट) डिजिटल विक्रीत ते साधारण १५ टक्के ठेवतात, पेमेंटचा खर्च वेगळा कापतात, बाकी तुमचं, पण खरा पैसा गिगच्या टेबलावर येतो. गांधीबाग-इतवारीतून होलसेलमध्ये साधे काळे टी-शर्ट आणा, एका रंगाचं स्क्रीन प्रिंटिंग घरी पण होतं, यूपीआयचा क्यूआर लावा. गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, कोणाला किती टक्के हे पहिल्याच महिन्यात कागदावर लिहून सह्या करा, दोस्ती आहे तोवरच, आणि लिहिणाऱ्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या.

नोकरी सोडून मुंबईला पळायची घाई नको. वर्धा ७५ किलोमीटर, अमरावती दीडशे, रायपूर तीनशेच्या आसपास, शनिवारी जाऊन रविवारी परत येता येतं, आणि मुंबईत पाच बँडमधले पाचवे असण्यापेक्षा अमरावतीत रात्रीचे एकमेव बँड असलेलं बरं. अमेरिकेतल्या टाकोमाचा गॅरेज बँड सोनिक्स बघा, साठच्या दशकातच फुटले, पोरं आपापल्या नोकऱ्यांना लागली, २००७ ला परत स्टेजवर आले आणि २०१५ ला नवा अल्बम काढला. बाहेरगावी जाताना पूर्ण ड्रमसेट लादून नेऊ नका, स्नेअर, सिंबल आणि किक पेडल आपलं न्या, बाकी तिथलं वापरा, सोबत दोन जास्तीच्या केबल, अँपचे फ्यूज, ९ व्होल्टची नवी बॅटरी आणि तो टेस्टर.