घडीचं टेबल बसवायचंय? आधी भिंत ओळखा

दहा बाय दहाच्या खोलीत जेवण, अभ्यास आणि लॅपटॉप एकाच जागी उरकायचं असेल, तर भिंतीला लावलेल्या घडीच्या टेबलाइतकी चांगली सोय नाही. मात्र ‘भोक पाडा, गिट्टी घाला, स्क्रू पिळा’ एवढंच सांगणाऱ्या व्हिडिओंवर विसंबून हे काम करू नका. टेबल सहसा मोडत नाही, भिंतीतली गिट्टी, म्हणजे भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी, उपटून येते. आणि तेव्हा टेबलाशी कुणीतरी बसलेलं असतं.

सामान थोडंच लागतं. १८ मिमीचा बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय ३ फूट बाय १८ इंच कापून, कडांना पट्टी लावून दुकानातूनच आणा. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागलं की फुगतो, तो नकोच. १६ इंची घडीचे दोन ब्रॅकेट घ्या. टेबलाची उंची जमिनीपासून ३० इंच धरा आणि लेव्हल लावून रेघ मारा.

आता भिंत. पुढे झाकली जाईल अशा जागी ड्रिलला ६ मिमीचा बिट लावून एक भोक पाडून बघा. पहिल्या दीडेक सेंटीमीटरची पूड गिलाव्याची असते, तिच्यावरून काही ठरवू नका. त्यापुढे लाल पूड आली तर भाजकी वीट. करडी पूड, पण जोर लावावा लागतोय, तर फ्लाय अॅशची, म्हणजे कोळशाच्या राखेची वीट. पांढुरकी, हलकी पूड आणि बिट विनासायास आत, तर हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. बिट पुढे सरकायलाच तयार नसेल तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. तिथे सळई लागली तर झटापट न करता जागा बदला.

ही ओळख एवढी महत्त्वाची का, ते समजून घ्या. भिंतीवरची साधी फळी स्क्रूला मुख्यतः खाली ओढते. पुढे आलेलं टेबल वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर खेचतं. ब्रॅकेटचा भिंतीला टेकणारा भाग १५ सेंमी उंच आहे आणि कुणी टेबलाच्या कडेवर, भिंतीपासून ४५ सेंमी अंतरावर, हातावर २० किलोचा भार टाकला असं धरा. वरच्या स्क्रूंवर मिळून ६० किलोची ओढ येते. या स्क्रूंची गिट्टी निम्मी गिलाव्यातच अडकलेली असेल तर आज ना उद्या निघणारच.

म्हणून ब्रॅकेट थेट भिंतीवर मारू नका, हे माझं ठाम मत आहे. १८ मिमी प्लायच्या ४ इंच रुंद, ३० सेंमी लांब अशा दोन उभ्या पट्ट्या करा. ब्रॅकेट पट्टीच्या वरच्या टोकाशी नटबोल्टने लावा आणि बोल्टची डोकी पट्टीच्या मागच्या बाजूला बुडवा. मग प्रत्येक पट्टी चार स्क्रूंनी भिंतीला. उंची दुप्पट झाल्यामुळे भिंतीवरची ओढ जवळपास निम्मी होते आणि ती जास्त स्क्रूंत वाटली जाते.

विटेच्या भिंतीत ८ मिमीची गिट्टी, ८ मिमीचाच बिट. भोक गिट्टीपेक्षा सेंटीमीटरभर खोल पाडा, आतली पूड फुंकून काढा आणि गिट्टी गिलाव्याच्या पार विटेत जाईल इतकी आत ठोका. पूड राहिली तर गिट्टी धरत नाही. सिपोरेक्सच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवा, नाहीतर भोक आतून पसरतं. तिथे साधी छोटी गिट्टी चालत नाही, ब्लॉकसाठी मिळणाऱ्या लांब नायलॉनच्या गिट्ट्याच मागा. पण भिंत चारच इंचांची असेल तर लांबी आधी मोजा, भोक शेजाऱ्याकडे निघता कामा नये.

सैल भोकात काडेपेटीच्या काड्या किंवा लाकडाची खुंटी ठोकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं आणि स्क्रू मोकळा होतो. दुहेरी टेपचं तर नावच काढू नका. ती भिंतीला चिकटत नाही, रंगाला आणि पुट्टीला चिकटते.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, भिंतीतल्या वायरी सहसा त्याच रेषेत जातात. मोरीच्या भिंतीत नळाच्या रेषेबाबतही हेच.

टेबलाची फळी ब्रॅकेटवर खालून १५ मिमीच्या स्क्रूंनी बसवा, फार लांब स्क्रू १८ मिमीच्या फळीतून वर बाहेर येतील.

वापरण्याआधी कडेवर दोन्ही हातांनी हळूहळू भार टाका आणि नजर पट्टीच्या वरच्या टोकावर ठेवा. महिन्याभराने पुन्हा तिथेच बघा. पट्टी आणि भिंत यांच्या फटीत नख शिरू लागलं असेल तर टेबलाची घडी घालून ठेवा. जुन्याच भोकात जाड स्क्रू पिळू नका, दोन इंच बाजूला नवी भोकं घ्या.