बाळ निळं दिसतंय: हार्टच्या व्हॉल्व्हमुळे की दुसऱ्या कशामुळे, कसं ओळखायचं

नवीन इंटर्न आणि लेबर रूममधल्या सिस्टर्ससाठी लिहितोय. आधी जीभ बघा. हातपाय निळे पण जीभ गुलाबी असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत ते चालतं, बाळाला आईच्या छातीशी लावा, ऊब द्या, परत बघा. जीभच निळी असेल तर मात्र थांबायचं नाही. आणि हिमोग्लोबिन कमी असलेलं बाळ सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बरंच खाली गेलं तरी निळं दिसत नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावा. हाताला चांगलं आणि पायाला खूप कमी आलं तर पीपीएचएन (जन्मानंतरही फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढलेलाच राहतो तो आजार) किंवा महाधमनीतला अडथळा डोक्यात आणा, मांडीतली नाडी लागतेय का बघा.

मग श्वास. कण्हतंय, बरगड्या आत ओढतंय तर बहुतेक फुप्फुस. भरभर श्वास घेतंय पण त्रास दिसत नाही, निवांत पडलंय आणि तरी निळं, तर हार्ट. गप्प असताना निळं आणि रडलं की गुलाबी होत असेल तर नाकाचा मागचा रस्ता बंद असू शकतो, बारीक कॅथेटर आत जातो का बघा.

मग दहा मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन देऊन उजव्या हाताच्या धमनीतून एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी). पीएओटू, म्हणजे त्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब, १५० mmHg च्या वर गेलं तर फुप्फुसाकडे झुकतं, १०० च्या आतच राहिलं तर हार्ट, पण पीपीएचएन इथेही फसवतो. रक्त चॉकलेटी दिसतंय, हवेत ठेवूनही लाल होत नाही, पीएओटू मस्त आणि ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकलाय, तर मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं बदललेलं हिमोग्लोबिन), घरच्यांना विचारा वरचं दूध विहिरीच्या पाण्यात करता का, त्यातल्या नायट्रेटने हे होऊ शकतं.

व्हॉल्व्हचा दोष असलेली बाळं जन्मताना बरी दिसतात कारण डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी गर्भातली नळी) उघडी असते, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिटायला लागली की बाळ अचानक निळं पडतं, कधीकधी डिस्चार्जच्या दिवशीच. मर्मर (हार्टचा जादा आवाज) नाही म्हणून हार्ट ओके असं लिहू नका प्लीज, पल्मनरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद असेल तर त्यातून रक्तच जात नाही, आवाज कुठून येणार! एक्स-रेत फुप्फुसं काळी म्हणजे तिकडे रक्त कमी जातंय, हार्टने छाती भरून टाकली असेल तर एब्स्टाइन (ट्रायकस्पिड झडप खाली सरकलेली असते तो दोष), ईसीजीत लेफ्ट ॲक्सिस (हार्टमधल्या विजेची दिशा डावीकडे) असेल तर ट्रायकस्पिड झडप तयारच झाली नसेल. एऑर्टिक व्हॉल्व्ह खूप अरुंद असेल तर बाळ निळ्यापेक्षा राखाडी दिसतं, नाड्या लागत नाहीत.

नक्की काय ते इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफीच सांगणार, पण ग्रामीण रुग्णालयात तो नसतो, त्यासाठी अडून बसू नका. कार्डिओलॉजिस्टला फोन लावा, डक्टस उघडी ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचा डोस त्यांनाच विचारा आणि रेफर करा, फक्त या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो, त्यामुळे ॲम्ब्युलन्समध्ये बॅग-मास्क आणि तो वापरता येणारं माणूस असल्याशिवाय गाडी सोडायची नाही.